दुसऱ्या खोलीतली हवा

सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. सिद्धाराम माशाळ यांस,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. प्रेम उरलेलं नाही आणि नमस्कार करावासा वाटत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज बघता आणि गप्प बसता. कागदाखाली माणसाला सही करावी लागते, म्हणून हे पत्र तुमच्या बेंगळुरूच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवते आहे. उत्तरही मला कागदावरच हवं.

तुम्हाला यातलं बरंच ठाऊक आहे, तरी उद्या तिसऱ्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्यालाही कळावं अशा बेतानं लिहिते. आपण दोघांनी नवी पेठेत साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत सॉफ्टवेअरचा धंदा काढला. होटगी रोडच्या शिवप्पा अण्णांची केळी पिकवायची खोली हे आपलं पहिलं मोठं काम. जेऊरकडून हिरवी केळी येतात आणि बंद खोलीत चार-पाच दिवस इथिलीन गॅस सोडून पिकवतात. पिकताना केळीही श्वास सोडतात आणि कोंडलेली हवा माणसाला घातक होते. म्हणून आत हवा मोजणारा सेन्सर, हवा बाहेर फेकणारा पंखा आणि दारावर दिवा. दिवा हिरवा असला तर आत जायचं, लाल असला तर नाही. हे तिन्ही आपला प्रोग्राम चालवतो. तो तुम्ही लिहिलात. या मार्चमध्ये तुम्ही मोठी कंपनी गाठलीत. ऑगस्टमध्ये अण्णांनी शेजारी दुसरी खोली बांधली आणि तोच प्रोग्राम मी तिला लावला.

५ नोव्हेंबरला तिप्पण्णा, अण्णांकडे अकरा वर्षं कामाला असलेला माणूस, दोन नंबरच्या खोलीत क्रेट बघायला गेला आणि आतच कोसळला. येडू हमालानं त्याला पाय धरून ओढत बाहेर काढलं. जीव वाचला. तिप्पण्णा सांगतो की दिवा हिरवा होता. प्रोग्रामची नोंदही सांगते की हवा दिवसभर स्वच्छ होती. मग स्वच्छ हवेत धडधाकट माणूस पडेल कशानं, तर पिऊन. असं अण्णांनी ठरवलं आणि त्याला घरी बसवलं.

त्याच्या गळ्यात लिंग आहे. त्याच्या घरात तीन पिढ्या कुणी थेंबाला शिवलेलं नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्यांत तो दरवर्षी असतो. डिसेंबरात त्याचा सराव सुरू होईल. गल्लीनं त्याला निरोप पाठवलाय की यंदा येऊ नको.

मी १४ तारखेला जाऊन दोन नंबरच्या खोलीतल्या मशीनचा डबा उघडला. सेन्सरची वायर जोडलेलीच नव्हती. वायरमन गणपतीच्या घाईत ती तशीच सोडून गेला होता, आणि अडीच महिने ती खोली एक नंबरच्या खोलीची हवा स्वतःची म्हणून सांगत होती. दोन्ही खोल्या एकदम भरायच्या, एकदम रिकाम्या व्हायच्या, तोवर निभावलं. दिवाळीनंतर माल कमी म्हणून एक नंबर रिकामी राहिली. रिकाम्या खोलीतली हवा बघून भरलेल्या खोलीचा पंखा बंद राहिला आणि दिवा हिरवा. वायर मी त्याच दिवशी जोडून घेतली.

हे झालं कसं, ते तुमच्या कोडमध्ये आहे. तुमच्या 'खोली'च्या कन्स्ट्रक्टरचा कंस रिकामा आहे. कन्स्ट्रक्टर म्हणजे प्रोग्राममधली वस्तू जिथे जन्माला येते ती जागा. तिथेच तिनं मागायला हवं होतं, की माझा सेन्सर द्या, माझा पंखा द्या, माझा दिवा द्या. दिला नाही तर जन्मालाच यायचं नाही. तुमची खोली जन्मताना काहीच मागत नाही. नंतर गरज पडेल तेव्हा तुमच्या त्या 'कपाट' नावाच्या सामायिक जागेत गुपचूप हात घालते आणि मिळेल ते उचलते. कुणाचं उचललं हे बाहेरून वाचणाऱ्याला दिसत नाही. तीन वर्षं मी तुमच्या कानीकपाळी ओरडत होते.

मला तुमच्याकडून एकच कागद हवा. प्रोग्राम असा लिहिला होता, चूक त्यात होती, तिप्पण्णाची नव्हती, आणि खाली तुमची सही. सराव सुरू व्हायच्या आत.

वैदेही मंगळवेढेकर


बेंगळुरू,
२५ नोव्हेंबर २०२४

वैदेही,

श्री. काय, यांस काय. चार वर्षं एका टेबलावर कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीच्या डब्यावरून भांडलो, आणि आता मी 'तुम्ही' झालो. तू खुशाल अहोजाहो कर, मी तुला तूच म्हणणार.

तिप्पण्णाचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. लई सरळ माणूस आहे. पण तुझं पत्र त्याच्यासाठी नाही, सगळं माझ्या माथी मारण्यासाठी आहे.

मी लिहिलं तेव्हा खोली एक होती. एक सेन्सर, एक पंखा, एक दिवा. कपाटात एकच सेन्सर असताना चुकीचा येणार कुठून? तू म्हणतेस तसं लिहायचं तर आधी सेन्सर बनवा, मग पंखा, मग दिवा, आणि ते सगळं ओंजळीत घेऊन खोलीपाशी जा. उद्या खोलीला भोंगा हवा झाला की जिथे जिथे खोली बनते तिथे तिथे जाऊन कंसात भोंगा घाला. कंस लांबतो, काम लांबतं आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं. माझ्या पद्धतीत नुसतं 'खोली' म्हटलं की खोली उभी. अण्णांना ती पंधरा दिवसांत चालू करून दिली म्हणून आपल्याला पुढची कामं मिळाली, हे विसरलीस की.

दुसरी खोली कुणी लावली? तू. मी तेव्हा सहाशे किलोमीटर लांब होतो. वायर जोडली का हे कुणी बघायचं? तू. 'बसवून, तपासून दिलं' या कागदावर सही कुणाची? नाचता येईना अंगण वाकडं. कपाट तुझ्या डोळ्यांत एवढं खुपत होतं तर मी गेल्यावर पाच महिने होते की तुझ्याकडे. बदलायचं होतंस.

सहीबिही मिळणार नाही. मी आता दवाखान्यातल्या सलाईनच्या पंपांचं सॉफ्टवेअर बघतो. असला कागद माझ्या नावानं फिरला तर इथे मला कुणी दारात उभं करणार नाही. तिप्पण्णासाठी एवढा जीव तुटत असेल तर अण्णांना तू सांग. तुझी सही तिथे आहेच.

सिद्धू


सोलापूर,
२ डिसेंबर २०२४

सिद्धू,

बरं, तू. तुला मान द्यायचा माझा प्रयत्न फुकट गेला.

कपाटात एकच सेन्सर होता म्हणतोस. हे वाचून मी कोडचा जुना इतिहास काढला. कोणती ओळ कुणी कधी घातली ते त्यात राहतं, हे तू विसरलास. १२ जून २०२२, दुपारी सव्वाचार, तुझ्या नावावर एक ओळ आहे. साध्या मराठीत तिचा अर्थ असा, की खोलीचा स्वतःचा सेन्सर सापडला नाही तर थांबू नको, जो पहिला सापडेल तो घे. शेजारी तुझी टीप आहे, 'अण्णांचा फोन नको'. मला आठवलं. त्या महिन्यात सेन्सर बदलला होता, नवा नंबर जुळत नव्हता, प्रोग्राम 'सेन्सर नाही' म्हणून थांबायचा आणि अण्णा फोनवर फोन करायचे. नंबर दुरुस्त करायच्या ऐवजी तू प्रोग्रामचं तोंड बंद केलंस. मला सांगितलंही नाहीस.

कंस लांबतो म्हणतोस. लांबू दे. निदान दिसतं तरी, की ही वस्तू किती जणांच्या जिवावर उभी आहे. तुझा रिकामा कंस सांगतो की मला कुणाची गरज नाही, आणि आतून चार जणांच्या खिशात हात. मला चाचणी घ्यायची होती, तर खोलीच्या हातात एक खोटा सेन्सर देता यायला हवा होता. हवा वाईट आहे असं त्यानं खोटंच सांगायचं आणि दिवा लाल होतो का ते मी टेबलावर बसून बघायचं. तुझ्या खोलीला काही देताच येत नाही. तिची चाचणी एकाच प्रकारे होते, माणूस आत पाठवून. ती तिप्पण्णानं दिली.

हे तुला कळत नाही असं मी म्हणणार नाही, कारण तू बसलिंगप्पा काकांचा मुलगा आहेस. लग्नाच्या स्वयंपाकाची यादी काका आठ दिवस आधी देतात. सामान समोर मांडून, यादीवर बोट ठेवून एकेक जिन्नस बघितल्याशिवाय ते चूल पेटवत नाहीत. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तूप आलं नव्हतं, तर दीड तास मांडवात खुर्ची टाकून बसले होते. आमचे वेणीमाधव काका हातापाया पडले तरी उठले नाहीत. त्यांच्या घरात वाढून तू 'जो सापडेल तो घे' लिहितोस.

सही माझी आहे, ते मान्य. ओळ तुझी आहे. कागद पाठव. पंधरा तारखेपासून सराव आहे.

वैदेही


बेंगळुरू,
९ डिसेंबर २०२४

वैदेही,

अप्पांना यात ओढायला नको होतंस. ओढलंसच तर पुढचंही ऐक. त्या यादीपायी पेठेत लोक अप्पांना अडेलतट्टू म्हणायचे. म्हातारा तुपापायी मुहूर्त घालवतो, त्याला बोलावू नका, असं तुझ्याच वेणीमाधव काकांनी चारचौघांत सांगितलं. त्या लग्नानंतर तुमच्या नात्यातलं एकही काम अप्पांकडे आलं नाही. दुसरा आचारी आला. तो शेजारच्या घरातून तूप उचलून आणायचा आणि मोकळा व्हायचा, आणि लोक वा वा करायचे. मी तेव्हाच ठरवलं, माझं काम कुणाला अडवणार नाही. सामान नसलं तरी चूल पेटेल. ती ओळ मी त्या रागानं लिहिली. चूक म्हण हवं तर. पण ही शिकवण मला तुमच्याच मांडवात मिळाली.

आता तुझं बघू. ऑगस्टमध्ये काम पूर्ण झाल्याचा फोटो तू टाकला होतास. अण्णांच्या गळ्यात हार, तुझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स, मागे भिंतीवर स्क्रीन. तो फोटो मोठा करून बघ. एक नंबरच्या हवेचा आकडा ०.४२. दोन नंबरचा ०.४२. दोन वेगळ्या खोल्या, वेगळा माल, आणि आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा? कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोराला खटकलं असतं. मी तर तेव्हाच बघून हसलो होतो, की बाईसाहेबांनी खोली लावली खरी, वायर काही लावली नाही. तुझ्या डोक्यामागे भिंतीवर होतं आणि तुला दिसलं नाही. याला कंस काय करणार?

कागद येणार नाही.

सिद्धू


सोलापूर,
१६ डिसेंबर २०२४

सिद्धू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कळलं की तू काय लिहून बसला आहेस. ऑगस्टमध्ये तू हसलास. म्हणजे वायर जोडलेली नाही हे तुला २९ ऑगस्टलाच कळलं होतं. 'वायर बघ', एवढे दोन शब्द पाठवायचे होते. पाठवले नाहीस, कारण मी तोंडघशी पडावं असं तुला वाटत होतं. पडला तिप्पण्णा. मला तुझी किळस आली, हे लिहून ठेवते.

मलाही आता लपवून चालणार नाही. ते दोन आकडे मी बघितले होते. सारखे आहेत हेही बघितलं होतं. मला वाटलं, काय नेटकं काम झालंय, दोन्ही खोल्या बरोबरीनं चालल्यात. खूश झाले आणि पेढा खाल्ला. आणखी एक. तिप्पण्णा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्या दिवसाची नोंद मागितली. जागेवर न जाता, काही न बघता मी ती छापली आणि शिक्का मारून दिली. हवा स्वच्छ. त्या कागदावर तो दारुडा ठरला. पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण मला तुझी सही हवी होती आणि माझा शिक्का झाकायचा होता.

काल मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको सिद्धम्मा 'बर्री, कूडरी', या, बसा, म्हणाली आणि तिनं पाट पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिप्पण्णा भिंतीला टेकून, घोंगडी पांघरून बसला होता. त्याला कन्नड अक्षरं वाचता येतात, मराठी नाही. घरात आलेला मराठी कागद मुलगी, धनलक्ष्मी, वाचून दाखवते. मालकानं घरी बसवल्याचा कागदही तिलाच वाचावा लागला, मोठ्यानं, 'मद्यप्राशन' या शब्दासकट. ती बी.कॉम.ला आहे.

कुणी काय लिहिलं ते सोडून मी त्याला सगळं समजावलं. सेन्सर, वायर, दिवा, कपाटसुद्धा. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, मी दिव्याला इचारूनच आत गेलो की. दिवा कुणाला इचारून हिरवा झाला, ते मला आदी सांगाया पायजे व्हतं. मग मी दार उगडून जरा भाईर थांबलो असतो."

आपण चार पत्रं ज्यावर भांडलो ते त्यानं तेवढ्यात सांगून टाकलं. मला तिथून उठवेना.

मी ४ जानेवारीपर्यंत थांबते. माझ्या एकटीच्या बोलण्यावर लोक म्हणतील, बाई दयेपोटी बोलते, मशीन बरोबरच होतं. लिहिणाऱ्याचा कागद असेल तर तसं म्हणता येणार नाही. तुझा कागद आला तर तो घेऊन अण्णांकडे जाईन. नाही आला तर तशीच जाईन.

वैदेही


बेंगळुरू,
२८ डिसेंबर २०२४

वैदेही,

लिहायला बसलो की नुसत्या शिव्या यायच्या, म्हणून उशीर केला. मी मुद्दाम काही केलं नाही. फोटो बघून हसलो, फोन बाजूला ठेवला आणि विसरलो. तू दुसऱ्या दिवशी वायर जोडशील असं धरून चाललो. माणूस पडेल असं कुणाच्या मनात येतं?

एक मार्ग सांगतो. चूक अर्धी-अर्धी वाटून घेऊ. तू सांग की बसवताना वायर राहिली. मी अण्णांना फोनवर, तोंडी सांगतो की जुन्या प्रोग्रामला दोन खोल्या झेपत नव्हत्या. ती ओळ, तारीख, फोटो, यांतल्या कशाचाच विषय काढायचा नाही. तिप्पण्णा कामावर परत जातो, अण्णा गल्लीत शब्द टाकतात, आपण दोघं मोकळे. यात कुणाचं काय बिघडतं?

माझं नाव कुठे आलं तर मात्र बघ. शिक्का मारून खोटी नोंद दिल्याचं तू मला स्वतःच्या हातानं लिहून दिलं आहेस. ते पत्र मी जपून ठेवलंय.

सिद्धू


सोलापूर,
६ जानेवारी २०२५

सिद्धू,

धमकी वाचली. ती नोंद खोटी होती हे मी स्वतःच अण्णांना सांगितलं. तुला तसदी नको.

शनिवारी अण्णांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. तिप्पण्णाला उद्यापासून कामावर घेतो म्हणाले, पण बाहेर कुठे बोलू नका, बाजारात माझ्या मालावर लोकांचा विश्वास आहे. मी विचारलं, तो प्यायला नव्हता हे गल्लीत कोण सांगणार? अण्णा म्हणाले, लोक विसरतात ओ ताई.

म्हणून काल संध्याकाळी सरावाच्या जागी गेले. पंधरा-वीस माणसं होती. बाई इथे कशाला आली म्हणून सगळे थांबले. मी बोलले. खोलीतली हवा खराब होती, मशीननं ती चांगली सांगितली, ते मशीन आम्ही लिहिलं, त्याची खोटी नोंद मी छापून दिली, तिप्पण्णा प्यायला नव्हता. 'आम्ही' एवढंच म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही. तुझ्यावरच्या प्रेमानं नव्हे. तिथे उभं राहून दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर ती कबुली राहिली नसती, आपलंच भांडण त्यांच्या अंगणात नेऊन मांडल्यासारखं झालं असतं.

मग त्यांच्यातल्या प्रभुअप्पा नावाच्या वयस्कर माणसानं तिप्पण्णाला बोलावणं पाठवलं. तो आला. त्याच्या हाती सरावाची काठी दिली. कमरेच्या पट्ट्यात त्यानं ती रोवली, उचलली, आणि त्याचा उजवा हात कापायला लागला. काठी कलली. दोघांनी धरली म्हणून खाली आली नाही. खोलीत पडला त्या दिवसापासून हात असाच कापतो, आणि हात कापतो म्हणूनच गल्लीनं दारूचं खरं मानलं होतं. मी घरी गेले तेव्हा तो हात घोंगडीखाली होता. मला वाटलं, थंडी आहे.

काठी दुसऱ्याकडे देऊन तिप्पण्णा म्हणाला, "आता कळलं न्हवं, हात कशानं कापतोय. बास." आणि खाली बसून त्या दुसऱ्याचा पट्टा डाव्या हातानं आवळायला लागला.

तू चूक अर्धी-अर्धी करायला निघाला होतास. कर. तो हात कसा वाटून घ्यायचा तेही कळव. नाहीतर असं कर, काही कळवू नको. अण्णांनी आज काम काढून घेतलं, पेठेत बातमी फिरली आहे, बाकीचेही काढतील. आता माझ्याकडून तुला घेण्यासारखं काही उरलं नाही आणि मलाही तुझा कागद नको. पत्र लिहू नको.

वैदेही


सोलापूर,
१५ जानेवारी २०२५

वैदेही,

पत्र लिहू नको म्हणालीस. तुझं ऐकायची मला सवय नाही.

काल यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत मी तिप्पण्णाशेजारी उभा होतो. शोधूनच काढलं त्याला. पांढरी बाराबंदी घालून कडेला उभा होता आणि त्याच्या जागी दुसरा माणूस काठी पेलत होता. लोंढा आला तेव्हा त्याचा तोल गेला म्हणून मी दंड धरला, तो दोन तास सोडला नाही. त्याचं कापणं माझ्या हातात येत होतं. त्यानं मला ओळखलं. कधी आलास, जेवलास का, विचारलं. मग म्हणाला, "तू गेलास आन् दुसऱ्यांच्या हाती गेलं बग ते मशीन. तू आसतास तर आसं झालं नसतं." आणि बाराबंदीतून काढून मला तिळगूळ दिला. तो मी तोंडात घातला आणि काही बोललो नाही.

वैदेही, नाव न घेता तू मला मोकळा सोडलास, आणि हे तू मुद्दाम केलंस. नाव घेतलं असतंस तर मी भांडलो असतो, नाकारलं असतं, तुला खोटं पाडलं असतं. आता मला कुणी काही विचारत नाही. घरी अप्पांनीही विचारलं नाही. याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होत नाही, ते काल कळलं. म्हणून हे पत्र मी तिप्पण्णाच्या घरात बसून लिहितोय. लिहून झालं की धनलक्ष्मीच्या हातात देणार आहे. ती आधी वडलांना मोठ्यानं वाचून दाखवेल, मग तुझ्याकडे आणून देईल. तेव्हा आता सरळ लिहितो.

सेन्सर सापडला नाही तर दुसऱ्याचा घे, ही ओळ मी लिहिली. १२ जून २०२२ रोजी. वैदेहीला न सांगता. दोन नंबरच्या खोलीची वायर जोडलेली नाही हे मला २९ ऑगस्टला फोटोवरून कळलं. तिची फजिती व्हावी म्हणून मी गप्प बसलो. विसरलो नव्हतो. मागच्या पत्रात विसरलो असं लिहिलं, ते खोटं होतं. सप्टेंबरात दोनदा आणि दसऱ्याला एकदा तिला कळवावं असं माझ्या मनात आलं होतं, आणि तिन्ही वेळा मी फोन खाली ठेवला. तिप्पण्णा आत गेला तो माझ्या दिव्यावर विश्वास ठेवून गेला.

सिद्धाराम बसलिंगप्पा माशाळ

धनलक्ष्मी, इथवर वाचलंस की थांब. वडलांना काय म्हणायचं असेल ते म्हणू दे. मी समोरच बसलोय.